पंगससाठी घरचं खाद्य की कंपनीचं? हिशोब नक्की कुठे बसतो

मुळशीकर_शेततळं

नमस्कार मंडळी. पौडच्या पुढे आमचं अस्तरीकरण केलेलं शेततळं आहे, त्यात पंगस (एक प्रकारचा कॅटफिश) सोडलेत, बोटुकली म्हणजे पिल्लं आता हाताच्या पंजाएवढी झालीय. सध्या २८ टक्के प्रोटीनचं तरंगणारं खाद्य घालतोय, ते जागेवर पोच ४३ रुपये किलो पडतं आणि मासा जसा मोठा होतोय तशी गोणी कधी संपते तेच कळत नाही. निम्म्याहून जास्त खर्च नुसता खाद्याचा आहे.

आता धाकटा भाऊ म्हणतो की खाद्य घरीच करूया. त्याचा हिशोब असा की कामशेतच्या राइस मिलमधून कोंडा १८ रुपयांनी मिळतो, भुईमूग पेंड भवानी पेठेतून ४२ ला, दोन्ही निम्मं निम्मं घेतलं तर ३० रुपये किलो, म्हणजे किलोमागं सरळ १३ रुपये वाचले. प्रोटीन पण त्याने काढलंय, पेंडीत ४२ आणि कोंड्यात १२ धरले तर सरासरी २७ येतं, म्हणजे कंपनीच्या जवळजवळ तेवढंच. कागदावर तर बरोबर दिसतंय पण मला खात्री वाटत नाहीये. घरात रोज यावरून चर्चा चालू आहे. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया आकड्यांसकट सांगा.

भीमाकाठ

दादा, भावाचा हिशोब गोणीचा आहे, माशाचा नाही. आपण खाद्य विकत नाही, मासा विकतो, तेव्हा एक किलो मासा तयार व्हायला खाद्याचे किती रुपये गेले हे एकच बघायचं. त्याला एफसीआर म्हणतात, म्हणजे किती किलो खाद्यात एक किलो वाढ.

आमच्याकडं इंदापूर पट्ट्यात चांगलं तरंगणारं खाद्य नीट घातलं तर पंगसला १.५ ते १.८ च्या मध्ये बसतं. १.६ धरा. ४३ गुणिले १.६ म्हणजे ६९ रुपये किलोमागं. आता कोंडा-पेंड कालवून गोळे टाकले तर २.५ च्या खाली क्वचितच येतं, बऱ्याच ठिकाणी ३ पण जातं. ३० गुणिले २.५ म्हणजे ७५. झालं का महाग? शिवाय वाढीला दोन-तीन महिने जास्त लागणार ते वेगळंच, तेवढे दिवस पाणी, लाइट, राखण आलीच की.

उलटं गणित पण करून ठेवा. ६९ ला ३० नं भागलं तर २.३ येतं. म्हणजे भावाचं खाद्य २.३ च्या आत बसलं तरच फायदा, वर गेलं की तोटा. हा आकडा तळ्यावर खडूनं लिहून ठेवा.

मुळशीकर_शेततळं

हे असं कुणी सांगितलंच नव्हतं. पण प्रोटीन जवळपास तेवढंच असताना एवढा फरक का पडावा? २७ आणि २८ मध्ये काय एवढं?

तळेमास्तर

कारण गोणीवरचं प्रोटीन आणि माशाच्या अंगाला लागणारं प्रोटीन एक नसतं. तीन-चार गोष्टी आहेत, जरा सविस्तर लिहितो.

पहिली म्हणजे अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीन ज्यांपासून बनतं ते घटक. माशाला नुसतं 'प्रोटीन' लागत नाही, त्यातली लायसिन, मेथिओनिन वगैरे ठरावीक प्रमाणात लागतात. भुईमूग पेंडीत ही दोन्ही कमी असतात. एक कमी पडलं की बाकीचं प्रोटीन वाढीला न लागता जळून जातं आणि अमोनिया होऊन पाण्यात येतं, म्हणजे पैसे पण गेले आणि पाणी पण खराब. सोयाबीन डीओसीमध्ये (तेल काढलेल्या सोया पेंडीत) लायसिन चांगलं असतं, मेथिओनिन मात्र त्यातही कमी, म्हणून थोडी मासळीची कुटी घालतात, ती दोन्ही भरून काढते.

दुसरी गोष्ट शिजणं. कंपनीचं खाद्य एक्स्ट्रूडरमधून निघतं, तिथे वाफ, दाब आणि शंभर अंशाच्या वरचं तापमान असतं. त्यात पिष्ट नीट शिजतं, फुगतं, म्हणून गोळी तरंगते आणि पाण्यात बराच वेळ फुटत नाही. पंगसला कच्च्या पिठापेक्षा शिजलेलं पिष्ट कितीतरी जास्त पचतं. तुम्ही कच्चा कोंडा कालवून टाकला तर त्यातलं बरंचसं माशाच्या तोंडात जायच्या आधीच विरघळतं आणि जे पोटात जातं तेही अर्धवट बाहेर येतं.

तिसरी गोष्ट दिसणं. तरंगणारं खाद्य टाकलं की मासा वर येतो, खातोय की नाही ते डोळ्यांनी दिसतं, खायचं थांबला की आपण पण थांबतो. बुडणारं खाद्य तळाला गेलं की काही कळत नाही. तुमचं तळं अस्तराचं आहे, खाली चिखल नाही, म्हणजे न खाल्लेलं सगळं मधल्या खोलगट भागात साठून सडणार. घरचं खाद्य घालायचं तर चेक ट्रे पाहिजेच, दोन-तीन ट्रे दोरीने सोडायचे, तासाभरानं वर ओढून बघायचे, शिल्लक असेल तर उद्या कमी.

आणि व्हिटॅमिन सी. हे फार जण विसरतात. मासा ते स्वतः पुरेसं तयार करू शकत नाही, आणि साधं व्हिटॅमिन सी उष्णतेनं व साठवणीत निघून जातं. कमी पडलं की कॅटफिशचा कणा वाकडा होतो, असा मासा व्यापारी बाजूला काढतो. घरच्या खाद्यात माशांसाठीचं मिनरल-व्हिटॅमिन मिक्श्चर, त्यातही टिकाऊ स्वरूपातलं सी असलेलं, २ टक्क्यांपर्यंत घालावंच लागतं. कोंबड्यांचं मिक्श्चर घालून भागत नाही, त्यात सी बहुतेक नसतंच.

दौंड_एक्सप्रेस

एवढं सगळं करण्यापेक्षा सोपा उपाय सांगतो, हडपसर-मुंढव्याच्या चिकन दुकानांतून आतडी-पिसं फुकट मिळतात, उलट दुकानदार न्यायला पैसे देतो. उकळून टाकायचं. कॅटफिश काहीही खातो. आमच्या इकडं कितीतरी जण करायचे आणि मासा जोरात वाढायचा, खाद्याचा खर्च जवळपास शून्य.

भीमाकाठ

भाऊ, हे कृपा करून कुणाला सांगू नका. जे करायचे ते थाई मागूर करायचे, म्हणजे आफ्रिकन मागूर, आणि त्याच्यावर केंद्रानं २००० सालीच बंदी घातलीय. हरित लवादाच्या आदेशानंतर उजनीच्या बाजूला तळीच्या तळी जेसीबी लावून बुजवली, मासा खड्ड्यात पुरला. बंदीचं मोठं कारण हा मासा नदीत सुटला की देशी मासे खाऊन संपवतो, आणि दुसरं कारण हीच सडकी घाण. आम्ही भीमेच्या काठावर राहतो, त्या तळ्यांचं पाणी कुठं सोडलं जायचं आणि उन्हाळ्यात काय वास यायचा ते आम्हाला माहितीय. खालच्या गावांच्या विहिरी त्याच पाण्यावर आहेत.

पंगसवाल्यानं पण तो रस्ता धरू नये. एकदा बाजारात नाव झालं की 'तुमच्याकडचा मासा चिकनच्या घाणीवरचा', मग पुण्यात गणेश पेठेच्या मासळी बाजारात कुणी हात लावणार नाही. आणि एकाचं नाव गेलं की आजूबाजूच्या सगळ्यांचं जातं.

तळेमास्तर

पूर्ण सहमत. त्यात हेही लक्षात घ्या की ओल्या आतड्यांत बहुतांश पाणी आणि चरबी. मासा जड दिसतो पण पोटात पिवळी चरबी साठते, मांस मऊ पडतं. साल्मोनेलासारखे जंतू असतात ते वेगळे. रेंडरिंग प्लँटमध्ये (अशा उरलेल्या भागांवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात) नीट शिजवून, वाळवून केलेलं पोल्ट्री मील हा वेगळा माल आहे, तो खाद्य कारखाने वापरतात. पातेल्यात उकळलेली आतडी म्हणजे पोल्ट्री मील नाही.

सुलभा_लोणीकाळभोर

मी थोडी वेगळी बाजू मांडते कारण वरचं सगळं वाचून असं वाटेल की घरचं खाद्य म्हणजे तोटाच. मी देशी मागूर करते, सिमेंटच्या टाक्यांत, आणि माझं घरचं खाद्य व्यवस्थित परवडतं.

फरक माशात आहे. देशी मागूर तळाशी खातो, त्याला तरंगणाऱ्या गोळीची गरजच नाही, आणि त्याला प्रोटीन जास्त लागतं, वाढीच्या काळात ३०-३५ टक्के, पिल्लांना त्याहून जास्त. असलं जास्त प्रोटीनचं तयार खाद्य मला ७० रुपये किलोनं पडत होतं. मी सुकट कुटी ३५ टक्के, सोया डीओसी ३५ टक्के, कोंडा २० टक्के आणि बाकी मैदा व मिनरल मिक्श्चर असं घेते. सोया आणि मैदा आधी वाफवून घेते, मग सगळं मळून कीमा मशीनच्या जाळीतून शेवयांसारखं काढते आणि ट्रेवर ठेवून टाकीत सोडते. मजुरी धरून ४८-५० पडतं. शिवाय मागुराला दर पंगसच्या दुप्पट-तिप्पट मिळतो त्यामुळे थोडा एफसीआर इकडेतिकडे झाला तरी अंगावर येत नाही. वाढ मात्र फार सावकाश, आठ-दहा महिन्यांत शंभर-दीडशे ग्रॅम, ज्याला घाई आहे त्याने यात पडू नये.

म्हणजे खाद्य जेवढं महाग आणि प्रोटीनचं, तेवढी घरी करण्यात बचत जास्त. २८ टक्क्यांच्या खाद्यात कंपनीशी स्पर्धा करणं अवघड आहे ताई-दादांनो, ते लोक शेकडो टन माल एकदम घेतात, आपण दोन गोणी घेतो, आपल्याला त्यांच्या भावात मिळणारच नाही.

मुळशीकर_शेततळं

सुलभाताई, खूप धन्यवाद, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हतं. भावाला वाचून दाखवलं. तो म्हणतो नुसतं कोंडा-पेंड नको तर व्यवस्थित फॉर्म्युला करूया. मास्तर, तुम्ही सांगितलं त्यावरून आम्ही असं बसवलंय, बघाल का? सोया डीओसी ३० टक्के, भुईमूग पेंड १५, कोंडा ३५, मका भरडा १२, सुकट कुटी ६, मिनरल मिक्श्चर २. प्रोटीन साधारण २८ येतंय. आजच्या भावानं माल ३३ रुपये पडतो. आणि अझोला (पाण्यावर वाढणारी छोटी वनस्पती) पण करायचा विचार आहे, यूट्यूबवर सांगतात निम्मं खाद्य वाचतं.

तळेमास्तर

फॉर्म्युला चांगला आहे, यात मी फार काही बदलणार नाही. मका आणि सोया बारीक दळा, भरडा नको, जेवढं बारीक तेवढं पचतं आणि बांधलंही जातं. आणि डीओसीच घ्या, घरचं कच्चं सोयाबीन दळून घालू नका, कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारा घटक असतो, तो भाजल्याशिवाय जात नाही. सरकी पेंड स्वस्त दिसते म्हणून भुईमुगाऐवजी पूर्ण घालू नका, तिच्यात गॉसिपॉल नावाचा विषारी घटक असतो.

पण ३३ वर थांबू नका. दळण, गॅस किंवा लाकूड, लाइट, गोण्या, वाहतूक आणि तुमच्या भावाची मजुरी. 'घरचंच माणूस आहे' म्हणून शून्य धरायची आपल्याकडे सवय आहे, पण तो तेवढा वेळ भाताच्या किंवा भाजीच्या कामाला लावू शकला असताच ना. किलोला ४ रुपये तरी धरा. म्हणजे ३७. ६९ ला ३७ नं भागा, १.८६ येतं. म्हणजे आता तुमच्या घरच्या खाद्याला १.८६ च्या आत बसावं लागेल. शिजवून, ट्रेमध्ये, काळजीनं घातलं तर २ पर्यंत येईल, त्याच्या खाली यायला कौशल्य लागतं.

अझोल्याचं सांगतो. कोरड्या अझोल्यात २०-२५ टक्के प्रोटीन असतं हे खरं आहे, पण ताज्या अझोल्यात ९३-९४ टक्के पाणी असतं. १०० किलो ओला अझोला म्हणजे फार तर ६-७ किलो कोरडा माल आणि त्यात दीड किलोच्या आसपास प्रोटीन. तेवढं प्रोटीन तुम्हाला साडेतीन किलो सोया डीओसीत मिळतं. गाई-कोंबड्यांना पूरक म्हणून ठीक, पंगसचं निम्मं खाद्य वाचेल हे खरं नाही.

पेंडबाजार_पुणे

मी पेंडीच्या व्यवसायात आहे म्हणून माल घेण्याबद्दल चार शब्द.

भुईमूग पेंड घेताना तोडून आत बघा. हिरवट-काळपट झाक किंवा कुबट वास आला तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते माशाचं लिव्हर खराब करतं, वाढ थांबते, आणि ते उन्हात वाळवून किंवा शिजवून जात नाही हे नीट लक्षात ठेवा. गिऱ्हाइकं म्हणतात उन्हात टाकू की दोन दिवस, बुरशी वरून जाते, विष आत राहतं.

सुकट कुटीत सगळ्यात जास्त भेसळ. वाळू तर असतेच. मूठभर कुटी काचेच्या ग्लासात पाणी घेऊन ढवळा, वाळू लगेच तळाला बसते, दहा टक्के वाळू म्हणजे दहा टक्के पैसे गेले. काही ठिकाणी प्रोटीनचा रिपोर्ट वाढवायला युरिया पण मारतात, कारण लॅबमध्ये नायट्रोजन मोजून प्रोटीन काढतात, युरियाचा नायट्रोजन पण त्यात धरला जातो. म्हणून खात्रीच्या माणसाकडूनच घ्या, आणि जास्त माल घेणार असाल तर नमुना लॅबला देताना युरियाची वेगळी तपासणी सांगा.

कोंडा दोन प्रकारचा येतो. मिलचा ताजा कोंडा तेलकट असतो, तो थोड्याच दिवसांत खवट होतो, मासा खात नाही आणि खाल्ला तरी बाधतो. तेल काढलेला कोंडा म्हणजे डीओआरबी टिकतो. ताजा घ्यायचा तर आठवड्याला लागेल तेवढाच घ्या.

भीमाकाठ

आणि दादा तुम्ही मुळशीत आहात हे विसरू नका. आमच्याकडं इंदापूरला ऊन असतं, पाऊस कमी, खाद्य ताडपत्रीवर वाळतं. तुमच्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपडे वाळत नाहीत, खाद्य कुठं वाळणार? १० टक्क्यांच्या आसपास ओल उतरल्याशिवाय गोणीत भरलं की बुरशी ठरलेली. आणि डिसेंबर-जानेवारीत तुमच्या पाण्याचं तापमान पडलं की पंगस खायचंच बंद करतो, २० अंशाच्या खाली त्याला भूक नसते, तेव्हा कुठलंही खाद्य घाला, पाणीच खराब होणार. आधीच ठरवून थंडीत मात्रा पार कमी करा, सकाळी घालूच नका, दुपारी ऊन चढल्यावर थोडंसं.

म्हणजे तुम्हाला घरचं खाद्य करायला खरं तर फेब्रुवारी शेवट ते मे एवढाच काळ आहे. योगायोग असा की भाताची कांडप झाल्यावर मावळात कोंडा तेव्हाच मुबलक असतो. मोसमाप्रमाणं वागा. पिल्लं लहान असताना कंपनीचंच, पावसाळ्यात पण कंपनीचंच, उन्हाळ्यात मासा पाव किलोच्या पुढं गेलेला असेल तर निम्मं घरचं निम्मं कंपनीचं.

इलेक्ट्रिक_सासवड

मशीनबद्दल कुणीच बोललं नाही. तरंगणारी गोळी काढणारा एक्स्ट्रूडर लाखांत जातो, थ्री फेज लागतो, आणि एका तळ्यासाठी घेऊन कर्जाचा हप्तासुद्धा निघणार नाही. बाजारात स्वस्तात 'पेलेट मशीन' म्हणून जे विकतात ते दाबून गोळी काढतं, ती बुडते. विक्रेता तरंगेल म्हणाला तर त्याच्यासमोर पाण्यात टाकून बघा आणि अर्धा तास थांबा. आठ-दहा शेतकरी मिळून गटानं एक्स्ट्रूडर घेतला, वर्षभर चालवला तर विषय वेगळा. २०२० ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत खाद्य कारखान्याला अनुदान ठेवलं होतं, सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के, पण आधी स्वतःचा पैसा घालावा लागतो हे धरून चाला.

मुळशीकर_शेततळं

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईसकट सगळे बसलो आणि ठरवलं की मशीन वगैरे काही घ्यायचं नाही. बोटुकली पाव किलोची होईपर्यंत कंपनीचं. पण भावाची जिद्द आहे, आणि त्याचं म्हणणंही मला पटतं की आपल्या तळ्यात आपल्या मालाचा एफसीआर काय बसतो ते दुसऱ्याच्या आकड्यांवरून किती दिवस धरायचं. मार्चमध्ये करून बघणार. पूर्ण तळ्यावर नाही. तर ही चाचणी कशी घ्यावी म्हणजे फसगत होणार नाही?

तळेमास्तर

भावाला माझा नमस्कार सांगा, असंच पाहिजे.

त्याच तळ्यात सारख्या मापाचे दोन हापे (जाळीचे कप्पे) बांधा, शेजारी शेजारी, एरेटरपासून (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) सारख्या अंतरावर. दोन्हींत सारख्याच संख्येनं, सारख्याच वजनाचे मासे सोडा, सोडताना एकूण वजन लिहा. एकात कंपनीचं, एकात घरचं, रोज किती घातलं ते तोलूनच घाला, 'एक मग' असं नको, घरच्या खाद्याचा मग वजनाला वेगळा भरतो. मासा या वयात अंगाच्या २ टक्क्यांच्या आसपास खातो, तिथून सुरुवात करा आणि ट्रे बघून कमीजास्त करा. पंधरा दिवसांनी सगळे मासे तोला, नमुन्यापुरते नाही, हाप्यातले सगळे. तोलायच्या आदल्या दिवशी उपाशी ठेवा. मेलेला मासा वजन करून वहीत लिहायचा, नाहीतर गणित चुकतं. शेवटी घातलेलं खाद्य भागिले वाढलेलं वजन. १.८६ च्या वर की खाली, एवढंच बघायचं.

सुलभा_लोणीकाळभोर

आणि दोन्ही हाप्यांतला एकेक मासा शिजवून खाऊन पण बघा दादा. पंगसला मातकट वास येतो अशी तक्रार गिऱ्हाईक करतं, तळाशी खाद्य सडलं की तो वास वाढतो. वजन सारखं भरलं पण चव बिघडली तर गणेश पेठेत दर पडणार.

पेंडबाजार_पुणे

फेब्रुवारीत सोया डीओसीचा भाव बघूनच माल घ्या, हंगामाप्रमाणं किलोला पाच-सात रुपये सहज हलतो, आणि तो हलला की तुमचा १.८६ चा आकडा पण बदलणार. त्या आठवड्याच्या भावानं पुन्हा मांडा. दोन-चार जण मिळून घेणार असाल तर लातूरहून टेम्पो भरून मागवता येतो, वाहतूक विभागली जाते. मुळशी-मावळातले अजून कोण आहेत त्यांनी इथेच लिहा.

मावळ_इंद्रायणी

मी आहे, कामशेतपासून जवळच. माझं पण पंगसच आहे, दोन तळी. कोंड्याचं माझ्याकडे लागलं, मिल ओळखीची आहे, कांडप झालेल्या दिवशीचा देऊ शकतील. डीओसीमध्ये मला दहा गोण्या धरा.